उजव्या बाजूचा अर्धा इंच

वन्सं, आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, म्हणून लिहायला बसले आहे. क्रिमेटोरियममध्ये त्या दहा माणसांसमोर मला सांगितलं होतं, चार शब्द बोल. मी मान हलवली आणि मास्क नाकावर ओढून घेतला. चांगले शब्द सुचत नव्हते असं नाही. पण तुमच्या पेटीकडे बघतानाही माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की त्या दिवशी तुमची बोटं मध्ये होती की नव्हती. हे मोठ्यानं कसं बोलणार?

तुम्हाला 'वन्सं' म्हणायला मी चेष्टेनं सुरुवात केली होती. लग्नानंतर मी आयर्लंडला आले तेव्हा विमानतळावर सुहासच्या शेजारी त्याची थोरली बहीण म्हणून तुम्ही उभ्या होतात, ग्रीसचे डाग पडलेली जीन्स घालून. चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी, दिवसा डब्लिनच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासणारी बाई, आणि हात मात्र ट्रकच्या मेस्त्रीसारखे. 'ताई' म्हटलं असतं तर मी तुमच्यापुढे अगदीच पोरकट दिसले असते, म्हणून आजीच्या जमान्यातला शब्द काढला. 'परत म्हण बघू,' तुम्ही म्हणालात. मी म्हटलं. 'ऱ्हाऊ दे हेच,' म्हणालात, आणि माझी जड बॅग एका हाताने उचलून चालायला लागलात.

तुमच्या गाडीबद्दल सुहासनं मला आधी काहीच सांगितलं नव्हतं. त्याला लाजच वाटायची. ड्रोहेडाच्या बाहेर, तुमच्या घरामागे राहणाऱ्या डेक्लनच्या शेडमध्ये, जिथं पूर्वी गवताचे भारे असायचे, तिथं तुम्ही लोखंडी चौकोनी नळ्या कापून, जोडून स्वतः चेसिस, गाडीचा सांगाडाच, बनवत होतात. वर जुन्या काळातल्या मोटारीचं ठेंगणं धूड बसणार होतं आणि पुढे बॉनेट नसणार होतं. इंजिन उघडं, सगळ्या जगाला दिसेल असं. हॉट रॉड म्हणतात तिला, हे मला तुम्हीच सांगितलंत. मी विचारलं, 'पण वन्सं, या देशात बॉनेटशिवाय गाडी म्हणजे इंजिनाला सर्दी नाही का होणार?' तुम्ही इतक्या हसलात की डेक्लन बघायला आला, काय झालं म्हणून.

मला तुम्ही काय काय शिकवलंत ते सुहासलाही नीट माहीत नाही. इथल्या अरुंद, दोन्ही बाजूंनी झुडपांच्या रस्त्यांवर गाडी चालवायला तुम्ही शिकवलंत. मला नोकरी लागली त्या कार्गोच्या ऑफिसात कुणी 'लव्ह' म्हणून हाक मारली तर चिडायचं नाही, पण शिफ्ट मात्र सगळ्यांच्या आधी आपल्याला हवी ती मागून घ्यायची, हे तुम्ही शिकवलंत. आणि उजेडाची बॅटरी, टॉर्च, धरायला शिकवलंत. मी हसले होते, बॅटरी धरण्यात काय शिकायचंय? तुम्ही म्हणालात, 'आपल्याला बघायचंय तिथं धरशील तर तू कामाची नाहीस. ज्याचे हात आत आहेत त्याला बघायचंय तिथं धर.' त्या दिवसापासून मी तुमच्या हातांकडे बघायला लागले. खरं सांगू का, मला तुमचे हात फार आवडायचे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही माझी टर उडवली असती.

भांडण झालं ते मात्र या बॅटरीवरूनच.

तुमच्या वडिलांचं सांगलीत ट्रकचं गॅरेज होतं. सुहास त्यातून पळून कॉम्प्युटरकडे गेला, तुम्ही कॉम्प्युटरकडे जाऊनही पळाला नाहीत. त्या गॅरेजचा एक नियम तुम्ही इथं आणला होता. इंजिन खाली उतरत असताना बोलायचं फक्त एकानं. ज्याला सगळ्यात अडचणीची जागा दिसते, आवाज त्याचा. तो 'सोड' म्हणाला की सोडायचं, 'थांब' म्हणाला की थांबायचं. बाकीच्यांनी शिंकसुद्धा आवरायची. दोन माणसं एकदम बोलली की क्रेनवरच्याला कुणाचं ऐकायचं ते कळत नाही, आणि मग कुणाचं तरी काहीतरी जातं. तुमच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये एकाचा अंगठा असाच गेला होता. ही गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितली होती की तो अंगठा मला ओळखीचा वाटायचा.

सप्टेंबर होता. डब्लिनच्या हद्दीबाहेर जायला बंदी येणार अशी कुजबुज चालू होती आणि आम्ही स्वोर्ड्सचे, म्हणजे डब्लिनवालेच. तुम्ही फोन केलात, 'या रविवारी इंजिन बसवायचं. नंतर कोण कुठे अडकेल सांगता येत नाही.' सुहास कुरकुरत आला. भंगारात निघालेल्या एका मोठ्या गाडीतून तुम्ही ते आठ सिलिंडरचं इंजिन काढून आणलं होतं, गिअरबॉक्ससकट. साखळीला लटकलं तेव्हा ते मला बोकडासारखं दिसलं, तसं मी म्हटलंही, आणि तुम्ही म्हणालात, 'आता गप.' म्हणजे नियम लागू झाला.

सुहास क्रेनच्या मागे, त्याच्या हातात तेलाचा दाब सोडायचा छोटा व्हॉल्व्ह. तो किंचित फिरवला की इंजिन खाली येतं, थोडा जास्त फिरला तर आदळतं. त्याला तिथून चेसिस दिसत नव्हती, फक्त तुमची पाठ. तुम्ही उजव्या बाजूला वाकलेल्या. मी तुमच्यामागे, बॅटरी घेऊन. गिअरबॉक्सचं शेपूट तिरकं आत गेलं, मग पुढचा भाग हळूहळू खाली. इंजिनाचा डावा कान, म्हणजे बोल्टनं आवळायचा बाजूचा तुकडा, चेसिसच्या ब्रॅकेटवर बसला. उजवा बसेना. खाली रबराची गादी होती, ती सरकली होती, आणि कान तिच्यावर अर्धा इंच अधांतरी. शेपूट मागे कुठेतरी अडलं होतं. तुम्ही वाकलात आणि रबर जागेवर ढकलायला लागलात. तुम्ही 'सोड' म्हणालात.

मला तुमची दोन बोटं दिसली. कान आणि ब्रॅकेटच्या मध्ये. किंवा मला तसं वाटलं. मी ओरडले, 'थांब!'

सुहास दचकला, व्हॉल्व्ह गच्च बंद केला. इंजिनाला झोका बसला आणि ते मागच्या पत्र्यावर जाऊन आपटलं. तुम्ही तो पत्रा कितीतरी संध्याकाळी ठोकून आकाराला आणला होता, त्याला ताटलीएवढा पोचा आला. तुम्ही सरळ उभ्या राहिलात. तुम्हाला इतकं पांढरं पडलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

'आवाज कुणाचा होता?' तुम्ही विचारलंत.

'वन्सं, तुमची बोटं मध्ये होती.'

'न्हवती. वरनं दाबत हुते मी रबर. आवाज कुणाचा होता, ते सांग.'

'बोटं मध्ये होती, मला दिसली.'

'तुला बॅटरीची सावली दिसली. बसत होतं ते. वरडायची काय गरज होती गं?' चिडलात की तुमची सांगली बाहेर यायची. एरवी मला त्याचं हसू यायचं.

सुहासनं क्रेनचा दांडा हातात घेतला. इंजिन परत वर घेतलं, जमिनीवर जुन्या टायरवर ठेवलं. तुम्ही चहा केलात, तो आम्ही उभ्यानंच प्यालो. निघताना तुम्ही म्हणालात, 'पुढच्या वेळी तुला घरी ठेवणार.' मी म्हटलं, 'पुढच्या वेळी मीच येणार नाही.' पाठोपाठ डब्लिनची वेस बंद झाली. मग साऱ्या देशात घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही असा हुकूम आला. ड्रोहेडा मोटरवेनं अर्ध्या तासावर होतं, आणि रस्त्यात गार्डा, इथले पोलीस, गाड्या थांबवून विचारत होते, कुठे निघालात. इंजिन बसवायला, असं सांगायची सोय नव्हती.

नाताळात आठवडाभर सूट मिळाली. तुम्ही पुरणपोळ्यांचा बेत केला होतात. नेमका माझ्या शिफ्टमधल्या एकाला कोविड झाला आणि आम्ही दोघं घरात कोंडलो. तुम्ही फोनवर म्हणालात, 'असू दे. पोळ्या डेक्लनला घालते.' त्यानं त्या लोणी आणि जॅम लावून खाल्ल्या, आणि 'ग्रँड' म्हणाला, हे सांगताना तुमचा जीव वर-खाली होत होता.

इंजिन मात्र तुम्ही एकटीनं बसवलं नाहीत. डेक्लन सत्तरीचा, त्याच्या मुलीनं त्याला घराबाहेर पडू दिलं नव्हतं. 'एकट्यानं इंजिन उतरवायचं नसतं,' तुम्ही म्हणायचात, 'मी तुमच्यासाठी थांबलीय. आणि केतकी, तू तोंडाला पट्टी लावून यायचंस.' मी म्हणायचे, 'आधी कबूल करा, बोटं होती.' तुम्ही म्हणायचात, 'आधी तू कबूल कर, आवाज माझा होता.' दर फोनला हे व्हायचं. सुहास तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जायचा आणि प्रेस, इथं कपाटाला म्हणतात ते, उघडून त्यात काहीतरी शोधायचा. मला आधी कळलंच नाही का ते.

फेब्रुवारी सरताना तुम्हाला ताप आला. मग ड्रोहेडाच्या त्याच हॉस्पिटलमध्ये, ज्याच्यासमोरून रोज तुमची गाडी जायची. आत कुणालाच सोडत नव्हते. फोन मात्र तुमच्यापाशी होता. ऑक्सिजनची नळी नाकात, दोन शब्दांच्या मध्ये श्वास. मी म्हटलं, 'वन्सं, बोलू नका फार.' तुम्ही म्हणालात, 'आवाज... कुणाचा होता?'

मला 'तुमचा' म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. नियमाप्रमाणे आवाज तुमचाच होता, बोटं असोत नसोत. पण मला वाटलं, आत्ता हे भांडण मिटवलं तर तुम्ही परत यायचं कारणच उरणार नाही. वेडा विचार, पण मला तसंच वाटलं. मी म्हटलं, 'आधी बऱ्या व्हा, मग सांगते.' तुम्ही हसलात, हसताना खोकला आला, आणि नर्सनं फोन घेतला. पुढचा फोन डॉक्टरांचा आला, सुहासला.

त्यानंतर सुहास बोलायचा ते कामाचं. रडला नाही असं नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी गाडीत बसले की दार लावायच्या आधी तो वाकून बघतो, माझे हात कुठे आहेत ते. खिडकी लावताना बघतो. किचनचा ड्रॉवर ढकलताना थांबतो. तेव्हा कुठे मला उमजलं, तो फोनच्या वेळी उठून का जायचा. व्हॉल्व्ह त्याच्या हातात होता, वन्सं. बोटं नव्हती, तर मी उगाच ओरडले, आणि तुमची-त्याची शेवटची भेट माझ्यामुळे भांडणात गेली. बोटं होती, तर त्यानं आपल्या हातानं तुमचा हात चिरडला असता, आणि केवळ मी नियम मोडला म्हणून वाचला. दोन्हीपैकी काहीतरी एक खरं होतं. त्यानं मला कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगणार काय? मलाच नक्की माहीत नव्हतं. इतक्यांदा आठवून आठवून ती दोन बोटं मला कधी दिसायची, कधी नुसती सावली.

मे महिन्यात रस्ते उघडले तसा डेक्लनचा फोन आला. शेडचं छप्पर कुजलंय, जूनमध्ये पाडायचंय. त्यानं फार संकोचानं सांगितलं. सुहास म्हणाला, 'इंजिन बसलं तर गाडी ट्रेलरवर घालून घरी आणू. नाही बसलं तर भंगारवाल्याला बोलावू. इंजिन बसावं म्हणून तिची चेसिस मी कापणार नाही, एका जागीसुद्धा नाही.' एवढी लांब वाक्यं तो कितीतरी दिवसांनी बोलला होता.

शेडमध्ये सगळं तसंच होतं, तुमचे हातमोजे बाकावरच्या वाइसवर उताणे पडलेले. मी ते बाजूला ठेवले नाहीत. डेक्लन आला होता, लस टोचून झालेला, जुना कोट घालून. 'युअर मॅन ठीक आहे ना?' त्यानं सुहासकडे बघून मला हळूच विचारलं. मी म्हटलं, 'ग्रँड.' इथं कुणीच ठीक नसलं की हेच म्हणतात.

मग प्रश्न आला, आवाज कुणाचा. सुहास क्रेनमागे जाऊन उभा राहिला, तीच जागा. डेक्लन मागे गिअरबॉक्सच्या शेपटाशी. उरली उजवी बाजू. सुहास म्हणाला, 'तू बोल.' मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून 'बरं' आलं.

'सोड,' मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. इंजिन हललं. 'सोड. सोड. थांब.' शेपूट आत गेलं. 'सोड.' डावा कान बसला. मी घाम पुसला आणि उजवीकडे वाकले. तुमची गंमत बघा, वन्सं, उजवा कान परत अर्धा इंच वर. रबर परत सरकलेलं. सगळं जसंच्या तसं, फक्त तुमच्या जागी मी.

'काय झालं?' सुहासनं विचारलं. त्याला बोलायची परवानगी नव्हती, पण मी काही म्हटलं नाही.

'थांब जरा.'

मी वरून हात घालून रबर दाबायला गेले, तुम्ही म्हणत होतात तसं. हात जात नव्हता. वर एक्झॉस्टचे पाईप येतात आणि मनगट तिथंच अडकतं. डावा हात घातला, तरी नाही. पाईपांच्या मागून बघितलं, तिथून बोटाचं टोक रबराला लागत होतं, पण जोर येत नव्हता. माझा हात तुमच्या हातापेक्षा बारीक आहे, वन्सं. माझा जात नव्हता तर तुमचा कसा गेला असता? रबर ढकलायला एकच वाट होती, कान आणि ब्रॅकेटच्या मधून. मी तिथं वाकून किती वेळ बघत राहिले मला माहीत नाही.

बाकावर रंग ढवळायची एक लाकडी पट्टी होती. ती घेतली. फटीत घातली, रबराला टेकवली, ढकललं. रबर सरकून जागेवर आलं. पट्टी बाहेर काढावी म्हणून मी ओढणार, एवढ्यात डेक्लननं मागून शेपूट जरा उचललं, अडलं होतं ते सुटलं, आणि सबंध इंजिन धप्पकन खाली बसलं. हळू नाही. व्हॉल्व्ह बंद होता तरी. साखळीला तेवढी ढील होतीच. ढकलणारा हात मागे घ्यायला जो क्षण लागतो, तेवढाही मिळाला नाही. पट्टी करकचून मोडली. जे बाहेर राहिलं ते माझ्या हातात आलं, टोक चेपून कागदासारखं झालेलं.

मी बोल्टच्या भोकांतून बघितलं, चेसिसचं भोक आणि इंजिनाचं भोक एकमेकांसमोर, बोल्ट हातानं आत गेला. तुम्ही आखलं होतं तसं, केसाचाही फरक नाही. एका जागी कापावं लागलं नाही. हे तुमचं कौतुक मी नंतर निवांत करीन. मी पट्टीचा तुकडा जॅकेटच्या खिशात घातला. डेक्लननं ते बघितलं. माझ्याकडे बघून त्यानं डोळे खाली केले आणि दुसरा बोल्ट शोधायला लागला.

सुहास क्रेनमागून पुढे आला. तो धप्प आवाज त्यानंही ऐकला होता. हात पुसायला फडकं घेतलं होतं, ते तसंच धरून उभा.

'केतकी,' तो म्हणाला, 'त्या दिवशी ताईची बोटं मध्ये होती का?'

वन्सं, उत्तर माझ्या खिशात होतं. किती महिने मी तुमच्याशी हेच भांडत होते, आणि आज अगदी पुराव्यानिशी जिंकले होते. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, आणि का बोललात तेही मला त्या क्षणी कळलं. तो मागे उभा होता, त्याला ऐकू जात होतं, म्हणून. चिडून नव्हतात बोलत तुम्ही. तुम्ही त्याच्याकडे बघत नव्हतात, पण बोलत त्याच्यासाठी होतात, आणि मी खुळ्यासारखी दर फोनला तेच उकरून काढत राहिले. हे मी तुम्हालाच लिहितेय, त्याला दाखवणार नाही.

'नव्हती,' मी म्हटलं. 'वरून दाबता येतं रबर. आत्ता बघितलं ना मी. ती खरं सांगत होती.'

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मग त्याचे खांदे खाली आले. त्यानं पुढे होऊन इंजिनावर हात ठेवला, सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

'मग तू उगाच ओरडलीस तिच्यावर,' तो म्हणाला.

'हो,' मी म्हटलं. 'उगाच ओरडले.'